हॅपी कोड मी देणार नाही: घरगुती उपकरणांच्या कंपन्यांना खुलं पत्र

प्रति,
फ्रिज, वॉशिंग मशीन, एसी बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या सगळ्या कंपन्यांचे प्रमुख

नमस्कार,

मी जळगावला राहते, एका पतसंस्थेत क्लार्क आहे. घरात मी, मिस्टर, दोन मुलं आणि सासूबाई. 24 जूनला तुमच्यातल्या एका कंपनीकडून मला मेल आला की तुमचा फ्रिज रिपेअर होऊ शकत नाही, म्हणून वापराचे 8 महिने धरून 30 टक्के डेप्रिसिएशन, म्हणजे वापरामुळे उतरलेली किंमत, कापून उरलेल्या रकमेचं कूपन देतो, ते आमच्याच वेबसाइटवर 60 दिवसांत वापरा, फ्रिज परत द्या आणि यापुढे तक्रार नाही असं लिहून द्या. फ्रिज वॉरंटीत आहे बरं का, वॉरंटी संपायला अजून चार महिने बाकी आहेत. हा निर्णय मला मान्य नाही, आणि तो का मान्य नाही ते सगळ्यांसमोर सांगावं म्हणून हे पत्र.

कंपनीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाहीये. नाव लिहिलं की बाकीच्या म्हणणार आमच्याकडे असं होत नाही, आणि मी आमच्या कॉलनीत, ऑफिसात, माहेरी जिथे जिथे हे बोलले तिथे प्रत्येकाने वेगवेगळ्या कंपनीचं नाव घेऊन हेच सांगितलं. त्यामुळे हे तुम्हा सगळ्यांनाच.

आधी काय झालं ते तारखांनुसार सांगते, कारण तारखा माझ्याकडे वहीत आहेत. 29 ऑक्टोबर 2024, धनत्रयोदशी, त्या दिवशी फ्रिज घेतला, डबल डोअर, 31,490 रुपये, वर दुकानदाराने एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यायला लावली तिचे 2,650 वेगळे. दिवाळीच्या गर्दीमुळे इन्स्टॉलेशनचा माणूस आला 4 नोव्हेंबरला. 11 मार्चला सकाळी दूध फाटलं, बर्फ वितळून फ्रीजरमधून पाणी गळत होतं, आतला लाइट चालू, मोटरचा आवाज चालू पण गारवा नाही. होळी मध्ये आली म्हणून टेक्निशियन आला 17 मार्चला, गॅस गेलाय म्हणाला, चाळीस मिनिटांत गॅस भरून गेला. 22 एप्रिलला परत तेच. 28 एप्रिलला दुसरा टेक्निशियन, परत गॅस. 19 मेला तिसऱ्यांदा बंद, 26 मेला तिसरा टेक्निशियन आला, त्याने पहिल्यांदा नीट बघितलं, आणि 9 जूनला त्यांचे सुपरवायझर येऊन 'बॉडीत लीकेज आहे' एवढं जॉबशीटवर, म्हणजे भेटीच्या कागदावर, लिहून गेले.

आता जळगावचा मे महिना तुमच्या एसी ऑफिसात बसून कसा कळणार मला माहीत नाही, इथे पारा 43-44 ला जातो, घरात भिंतीला हात लावला तर भिंत गरम लागते. आणि आमच्या घरात सासूबाई दिवसातून दोनदा इन्सुलिन घेतात. इन्सुलिनचा साठा 2 ते 8 डिग्रीत ठेवायचा असतो. मार्चमध्ये फ्रिज बंद पडला तेव्हा आम्हाला रात्री कधी बंद झाला तेच कळलं नव्हतं, शेजारी ठेवायला दिलं. मेमध्ये शेजारचे गावाला गेलेले, तेव्हा मी मातीचा माठ आणला, त्यात तळाला थोडं पाणी, वर स्टीलच्या डब्यात इन्सुलिन, माठाभोवती ओलं फडकं, आणि दर दोन तासांनी ते फडकं ओलं करायचं. रात्री अलार्म लावून उठायचे. एक दिवस मला ऑफिसात क्लोजिंगमुळे उशीर झाला, घरी आले तर फडकं खडखडीत वाळलेलं आणि सासूबाई त्या माठाशेजारी खुर्ची टाकून हातात पंखा घेऊन माठाला वारा घालत बसल्या होत्या. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले भरवसा नाही, टाकून द्या. दोन महिन्यांचा साठा टाकला. ते पैसे गेले त्याचं एवढं नाही, पण त्या आठवड्यात त्यांची शुगर वर गेली होती आणि इन्सुलिन खराब होऊन गेली की खाण्यात काही झालं हे आम्हाला आजही सांगता येत नाही. तुमच्या सिस्टिममध्ये माझी कंप्लेंट 'नो कूलिंग' या दोन शब्दांची आहे. आमच्या घरात ती अशी होती.

आता माझ्या तक्रारी.

सगळ्यात पहिली तक्रार त्या हॅपी कोडची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कंप्लेंट केली की ग्राहकाच्या मोबाइलवर एक आकडा येतो, काम झाल्यावर तो टेक्निशियनला सांगायचा, त्याने तो टाकला की कंप्लेंट क्लोज. काम नीट झालं असं ग्राहकाने सांगितल्याची ती सही आहे. पण गॅस भरल्यावर फ्रिज गार व्हायला पाच-सहा तास लागतात, आणि कोड मात्र पाचव्या मिनिटाला मागतात. मी म्हटलं उद्या सकाळी सांगते, तर तो मुलगा, असेल तेवीस-चोवीस वर्षांचा, पाठीवर गॅसचा डबा आणि बॅग घेऊन उन्हातून भुसावळहून बाइकवर आलेला, म्हणाला ताई कोड दिला नाही तर कॉल पेंडिंग दिसतो, माझे पैसे कापतात. मी दिला. कुणीही देईल. तिन्ही वेळा दिला. आणि आता कंपनी मला मेलमध्ये लिहिते की तुमच्या याआधीच्या तक्रारी तुमच्या समाधानाने बंद झालेल्या आहेत. म्हणजे एका गरीब पोराच्या पगाराची भीती घालून माझ्याकडून समाधानाची सही घेतली आणि तीच सही माझ्याविरुद्ध वापरली. त्या पोराबद्दल माझी काहीही तक्रार नाही, तक्रार त्याला असं उभं करणाऱ्यांबद्दल आहे.

दुसरी तक्रार गॅसची. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर एक काका तीस वर्षं फ्रिज दुरुस्त करतात, त्यांनी मला बसवून समजावलं. फ्रिजमधला गॅस पेट्रोलसारखा संपत नाही, तो बंद नळीत फिरत राहतो, फ्रिज जुना होऊन भंगारात जाईपर्यंत तोच गॅस पुरायला हवा. गॅस कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे, आधी ती शोधायची, बुजवायची, फिल्टर बदलायचा, नळीतली हवा पूर्ण काढून घ्यायची आणि मग गॅस भरायचा. आताच्या फ्रिजमध्ये आर 600ए नावाचा गॅस असतो, तो पेट घेणारा आहे, आणि लागतो किती तर साधारण पन्नासेक ग्रॅम, किती ते मागच्या पट्टीवर छापलेलं असतं. म्हणजे एवढासा गॅस, त्यात थोडी जरी गळती झाली तरी गारवा गेला. माझ्याकडे दोन वेळा गळती न शोधता नुसता गॅस भरला. पंक्चर न काढता हवा भरल्यासारखं. तिसऱ्याने साबणाचा फेस लावून मागचे सगळे जोड बघितले, एकही बुडबुडा नाही, म्हणून गळती आतल्या नळीत आहे असं निघालं. जे 26 मेला कळलं ते 17 मार्चलाच कळायला हवं होतं, तेव्हा बाहेर एवढा उन्हाळाही नव्हता.

आणि यातूनच तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त लागली. आमच्या जुन्या फ्रिजला मागे काळी जाळी होती, तिच्यात गळती झाली तर काकांसारखा माणूस ब्रेझिंग करून, म्हणजे धातू वितळवून डाग देऊन, अर्ध्या तासात बुजवायचा. नव्या फ्रिजला मागे जाळी नाही, दिसायला छान, भिंतीला चिकटवता येतो. पण ती नळी गेली कुठे तर फ्रिजच्या दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या आत, फोममध्ये. बाजूला हात लावला की कोमट लागतं ना, ती तिथेच आहे. तिथे गळती झाली की पत्रा आणि फोम फोडल्याशिवाय पोचता येत नाही, म्हणून तुमचे लोक सरळ 'नॉन रिपेअरेबल' लिहितात. हे डिझाइन तुमचं आहे. नळी आत घालायचा निर्णय तुमचा, जागा वाचली ती तुमची जाहिरात झाली, मग ती नळी आतून फुटली तर त्याचे 30 टक्के मी का भरायचे?

फ्रिजच्या दारावर हाताच्या पंज्याएवढा स्टिकर आहे, '10 वर्षे वॉरंटी'. खाली बारीक अक्षरात कंप्रेसरवर, म्हणजे गॅस दाबून फिरवणाऱ्या मोटरवर. आमचा कंप्रेसर धडधाकट आहे, शेवटपर्यंत चालू होता. दुकानात उभ्या असलेल्या माणसाला कंप्रेसर म्हणजे काय, कंडेन्सर (तीच ती बाजूची कोमट नळी) म्हणजे काय हे कुणी सांगत नाही, तो 10 वर्षं बघतो आणि पाच हजार जास्तीचे देतो. आमच्या ऑफिसातल्या एकांचा कंप्रेसर खरंच गेला चौथ्या वर्षी, तर कंप्रेसर फुकट पण गॅस, लेबर, ने-आण, व्हिजिट चार्ज सगळं यांचं. दारावर लावलेला मोठा आकडा आणि आतल्या कार्डावरच्या अटी यांचा मेळ बसत नाही, आणि ते कार्ड खोका उघडल्यावर, म्हणजे पैसे देऊन झाल्यावर हातात पडतं. दुसरा स्टिकर होता 'स्टॅबिलायझरशिवाय चालतो'. पहिल्या टेक्निशियनचा पहिला प्रश्न काय होता? मॅडम स्टॅबिलायझर आहे का? नाही म्हटल्यावर त्याने जॉबशीटवर 'व्होल्टेज प्रॉब्लेम' लिहायला घेतलं, मी स्टिकर दाखवला तेव्हा खोडलं. ज्यांनी स्टिकर फाडून टाकला असेल त्यांचं काय.

डेप्रिसिएशनचा हिशोबही सांगते, मी रोज व्याजाचे दिवस मोजणारी बाई आहे. तुम्ही बिलाच्या तारखेपासून 8 महिने धरले. इन्स्टॉलेशनच्या आधीचे 6 दिवस फ्रिज खोक्यात होता तेही धरले. फ्रिज प्रत्यक्ष गार चालला तो 4 नोव्हेंबर ते 11 मार्च, 17 मार्च ते 22 एप्रिल आणि 28 एप्रिल ते 19 मे, एकूण 184 दिवस, सहा महिने. तुमच्याच लोकांची वाट बघण्यात गेलेले दिवस तुम्ही माझ्या वापरात धरलेत. आणि 30 टक्के हा आकडा कुठून आला ते मेलमध्ये नाही, वॉरंटी कार्डावरही मला सापडला नाही. 31,490 चे झाले 22,043, तेही रोख नाही, कूपन. त्या किमतीत तुमच्याच साइटवर तोच फ्रिज आज मिळत नाही, वरचे पैसे मीच घालायचे. एक्स्टेंडेड वॉरंटीचे 2,650 तर 'नॉन रिफंडेबल', जी वॉरंटी अजून सुरूसुद्धा झालेली नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2023 मध्येच तुम्हाला सांगितलंय की वॉरंटी इन्स्टॉलेशनच्या दिवसापासून धरा, पॅकबंद खोक्यात असलेल्या वस्तूचा वापर कसा होईल. दीड-पावणेदोन वर्षं झाली त्याला.

दुकानदाराचं सांगायचं तर त्यांनी फक्त बिल दिलं, बाकी 'कंपनीशी बोला'. कंपनीच्या कस्टमर केअरला दर वेळी नवीन माणूस, दर वेळी पहिल्यापासून कहाणी. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार केली, त्यांनी ती व्यवस्थित नोंदवून कंपनीकडे पाठवली, पण हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, ती फक्त मध्ये पडू शकते, आणि कंपनीने तिथे उत्तर टाकलं की ग्राहकाला ऑफर दिलेली आहे. संपलं.

हे सगळं मी एकटीचं म्हणून लिहीत नाहीये. आमच्या शेजारच्या वहिनी घरून डबे देतात, पंधरा-सोळा डबे, सगळं स्वतः करतात. त्यांचा मिक्सर दोन महिन्यांत जळाला तर सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला तुम्ही धंद्याला वापरता, कमर्शियल युज, वॉरंटी रद्द. त्या गप्प घरी आल्या आणि नवीन घेतला. कायद्यात स्पष्ट लिहिलंय की पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी माणूस स्वतः वस्तू वापरत असेल तर तो ग्राहकच आहे. वहिनींना ते माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. पण तुमच्या सर्व्हिस सेंटरला माहीत असायला हवं होतं की नाही?

मला हे आता माहीत झालं कारण ग्राहक पंचायत या ग्राहकांच्या संघटनेचं काम करणाऱ्या एका काकांकडे मी सगळे कागद घेऊन गेले. बिंदुमाधव जोशींनी पुण्यात 1974 ला हे काम सुरू केलं तेव्हा देशात ग्राहकाचा कायदासुद्धा नव्हता, तो आला 1986 ला, असं ते सांगत होते. आता 2019 चा नवीन कायदा आहे, 20 जुलै 2020 पासून लागू. त्यांनी मला जे सांगितलं ते इथे लिहिते, तुमच्यासाठी नाही, तुमचे वकील जाणतात, हे पत्र वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी. वस्तूत दोष निघाला तर जिल्हा ग्राहक आयोग दोष काढून द्यायला, वस्तू बदलून द्यायला, पूर्ण किंमत परत द्यायला आणि वर नुकसानभरपाई द्यायला सांगू शकतो, कलम 39. दुकानदार आणि कंपनी दोघांवर तक्रार करता येते. कार्डावर 'वाद फक्त अमुक शहराच्या न्यायालयात' असं छापलेलं असलं तरी घाबरायचं नाही, आपण जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. वस्तूची किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील लागतोच असं नाही. ऑनलाइनही भरता येते, आधी ई-दाखिल होतं, जानेवारी 2025 पासून ई-जागृती. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायला हवं, म्हणून 'बघतो, करतो' वर वर्ष घालवू नका. आणि काकांनी सगळ्यात आधी विचारलं ते कायद्याचं काहीच नव्हतं, त्यांनी विचारलं जॉबशीट आहेत का. प्रत्येक भेटीचा कागद मागून घ्या, त्यावर टेक्निशियनला काय सापडलं ते लिहून घ्या, मोबाइलवर मेसेज आले ते डिलीट करू नका, बिलाचा फोटो काढून ठेवा कारण थर्मल कागदावरची शाई वर्षात उडते. माझी पहिली जॉबशीट मी भाजीच्या यादीला वापरली होती, कशीबशी सापडली.

हेही मला माहीत आहे की कायद्यात तीन महिने, तपासणी लागली तर पाच महिने असं लिहिलेलं असलं तरी प्रत्यक्षात तारखा लागत राहतात. आयोगांमधल्या रिकाम्या जागांची दखल तर सुप्रीम कोर्टाने 2021 मध्ये स्वतःहून घेतली होती. तुम्हीही याच हिशोबावर चालता असं मला आता वाटायला लागलंय, की बाई नोकरी सोडून किती तारखांना येणार, घरात फ्रिजशिवाय किती दिवस काढणार, शेवटी कूपन घेईल. बहुतेक लोक घेतात. त्यांना दोष देता येत नाही, घरात दूध, भाजी, औषधं असतात.

तर माझ्या मागण्या सरळ आहेत.

वॉरंटीत असलेली वस्तू रिपेअर होत नाही असं तुम्हीच लिहून दिलंत की डेप्रिसिएशन कापायचं नाही. नवीन वस्तू द्या नाहीतर भरलेली पूर्ण रक्कम बँक खात्यात द्या, पंधरा दिवसांत. कूपन घ्यायचं की नाही ते ग्राहकाला ठरवू द्या. एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली असेल तर तिचे पैसेही त्यातच.

हॅपी कोड काम झाल्यावर 48 तासांनी मागा, आणि कोड मिळाला नाही म्हणून टेक्निशियनचा एक रुपयाही कापू नका. तेच फॉल्ट परत आलं तर ती नवीन कंप्लेंट धरू नका, जुनीच उघडा.

एकाच दोषासाठी दोनदा रिपेअर करून तिसऱ्यांदा बंद पडली तर चौथी व्हिजिट नको, थेट बदलून द्या. फ्रिजच्या बाबतीत पहिल्याच वेळी गळती कुठे आहे ते जॉबशीटवर लिहिल्याशिवाय गॅस भरू नका.

दारावरच्या स्टिकरवर ज्या आकारात 10 वर्षे लिहिता त्याच आकारात लिहा की ते कशावर आहे आणि कशावर नाही. वॉरंटी कार्ड दुकानात बिलाच्या आधी दाखवा, मराठीत. आतल्या नळ्या, म्हणजे ज्या उघडून दुरुस्त होऊच शकत नाहीत, त्यांची वॉरंटी कंप्रेसरएवढीच द्या. तुमचा त्या नळीवर भरवसा असेल तर यात तुमचं काही जात नाही.

ज्या घरात इन्सुलिन किंवा फ्रिजमध्ये ठेवायची औषधं आहेत त्यांची कंप्लेंट 24 तासांत बघा, आणि वेळ लागणार असेल तर तोपर्यंत छोटा फ्रिज वापरायला द्या. कंप्लेंट नोंदवताना तुम्ही पिनकोड विचारता, फ्रिजचं मॉडेल विचारता, त्यात हा एक प्रश्न वाढवायला किती वेळ लागेल?

बंद पडलेले दिवस वॉरंटीत मिळवा.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणालाही या पत्राची प्रत पाठवते आहे. त्यांना एवढीच विनंती, की वॉरंटीच्या काळात डेप्रिसिएशन कापायची ही पद्धत एकेका ग्राहकाने एकेका जिल्ह्यात लढायची गोष्ट नाही, तुम्ही स्वतः चौकशी करा. सरकारचं दुरुस्ती हक्काचं पोर्टल डिसेंबर 2022 मध्ये सुरू झालं, चांगलं झालं, त्यावर कोणती वस्तू किती दुरुस्त होऊ शकते हे घेण्याआधी कळलं तर माझ्यासारखी बाई फोममध्ये नळी असलेला फ्रिज घेताना दोनदा विचार करेल.

माझ्या कंपनीला 30 जूनला स्पीड पोस्टने नोटीस पाठवली आहे, पंधरा दिवसांची मुदत दिलीय, दुकानालाही प्रत दिलीय. बिल, चार जॉबशीट, मेल आणि दारावरच्या दोन्ही स्टिकरचे फोटो फाइलला लावलेत. मुदतीत पूर्ण रक्कम आली नाही तर जळगावच्या जिल्हा आयोगात तक्रार दाखल करणार, तारखेला सुट्टी काढायची मॅनेजरसाहेबांची परवानगी आधीच घेऊन ठेवलीय. फ्रिज सध्या हॉलमध्ये प्लग काढून उभा आहे, तपासणीला न्यायचा असेल तर आयोगाच्या आदेशाने न्या, तोवर तो मी कुणाला हलवू देणार नाही. काल सकाळी कस्टमर केअरचा परत फोन आला होता, कंप्लेंट क्लोज करायची आहे, मोबाइलवर कोड आला असेल तो सांगा. यावेळी नाही सांगितला.

आपली,
एक ग्राहक, जळगाव
5 जुलै 2025